मदत हवी आहे: कॅप्टन साहेबांच्या पुतळ्याचं अनावरण आणि वीरपत्नीचा सत्कार, २६ जानेवारी

माळावरचा
गावातले कॅप्टन साहेब काश्मीरमध्ये शहीद झाले, वर्ष होत आलं. २६ जानेवारीला शाळेच्या पटांगणात अर्धपुतळा बसवायचाय. वर तिरंगा टाकायचा आणि वहिनींच्या हस्ते ओढायचा. मग साडी, नारळ, वर्गणीचा चेक. हातात तीन आठवडे. बिगुल वाजवणारा मिलिटरीचा माणूस कुठून मिळतो? बेळगावला पत्र टाकलंय, उत्तर नाही. लवकर सांगा.

सूत्रधार_७
शाळा झेडपीची की संस्थेची? पुतळा तयार आहे की अजून मातीचा नमुनाच आहे? ब्राँझ की फायबर? कलेक्टरची परवानगी?

माळावरचा
झेडपीची. फायबरचा, तयार आहे. परवानगी कशाला? ग्रामपंचायतीचा ठराव आहे की.

ओतकाम
ठरावावर पुतळा बसत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. त्यासाठी जागामालकाची संमती (इथे झेडपी), पोलिसांचा ना-हरकत दाखला आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. तुमचा नमुना साच्यातून बाहेरही आला, म्हणजे गाडी उलटी जोडलीत. तीन आठवड्यांत हे होत नाही. रस्त्याकडेला हलवू म्हणाल तर सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे नकोत, असा सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे.
आणि उघड्यावर फायबर? उन्हाने रंग उडतो, वरचा थर खडूसारखा सुटतो. ब्राँझच हवा.

सूत्रधार_७
ब्राँझचा दर त्यांनी विचारलेला नाही. २६ तारखेला नुसती पाटी लावा. ग्रॅनाइट, दोन बाय तीन फूट, १८ मिमी. त्याला झेडपीचं लेखी पत्र पुरे. अक्षरं खोल कोरून घ्या. वरवर खरवडून सोनेरी रंग भरला तर दोन-तीन पावसाळ्यांत जातो. नुसत्या सिमेंटवर चिकटवू नका, चार कोपऱ्यांना स्टीलचे बोल्ट मारा. मधली ओळ जमिनीपासून पाच फुटांवर.

रांगेतला
मूळ चूक कुणीच बोलत नाही. तिरंगा ओढून अनावरण करायचं नाही! ध्वजसंहितेत स्पष्ट आहे, पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरायचा नाही. ध्वज शेजारी काठीवर मानाने फडकू दे, पाटीवर साधं भगवं नाहीतर पांढरं कापड टाका.
बिगुल: बेळगावला लिहून काय होणार? ते मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर. साहेब त्या रेजिमेंटचे होते का, हे तुम्ही सांगितलेलंच नाही. शिवाय अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड सेंटरला नसतं, दिल्लीला सेना मुख्यालयात असतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात (सगळे सैनिक बोर्डच म्हणतात) अर्ज द्या, ते लष्कराच्या जवळच्या स्टेशन हेडक्वार्टरला कळवतात. २६ जानेवारीला सगळी पथकं परेडला असतात, तेव्हा साहेबांच्या स्मृतिदिनाची तारीख मागा. क्रम असा: पुष्पचक्र, लास्ट पोस्ट (बिगुलाची मानवंदनेची धून), दोन मिनिटं शांतता, राउज (शांतता संपवणारी धून). मधे टाळ्या नाहीत, निवेदकाला आधी दम भरा.

माळावरचा
राष्ट्रीय रायफल्समध्ये होते.

रांगेतला
ती पोस्टिंग. मूळ रेजिमेंट वेगळी असते. पाटीवर दोन्ही लिहा, मूळ आधी. शौर्यपदक असेल तर पुढे '(मरणोत्तर)'.

कोपरापासून
साडी-नारळ म्हणजे ओटी भरणार का? कोण भरणार? वहिनींना विचारलंय का?

माळावरचा
गावाची पद्धत आहे. सरपंचबाई भरतील. त्यांना सरप्राइज आहे.

कोपरापासून
ही सरप्राइजची गोष्ट आहे का? शंभर माणसांत कुंकवाचा करंडा पुढे येतो, निवेदक थबकतो, बाई हात मागे घेतात, आणि फोटो नेमका तोच निघतो. एक फोन करा: ओटी चालेल का, कुंकू लावायचं का, बोलणार का, मुलं स्टेजवर हवीत का. त्या नको म्हणाल्या तर नको. सासूबाईंनाही वेगळं विचारा, त्या वीरमाता आहेत. दोघींच्या खुर्च्या पहिल्या रांगेत, मधोमध. पुढारी बाजूला.

जुनं_खोड
रूढी मोडायची फॅशन झालीय.

कोपरापासून
काका, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसं कळवलं. फॅशन कसली?

ताळेबंद
चेकबद्दल. वर्गणी कोणत्या खात्यात आहे? नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ सी ची परवानगी लागते. आणि वर्षाला ५० हजारांवर रक्कम नातेवाईक नसलेल्यांकडून आली, तर ती सगळीच वहिनींच्या करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. आधी सीएला दाखवा. पुठ्ठ्याचा मोठा चेक तर अजिबात नको.

उडती_खबर
वहिनी पदवीधर असतील तर स्वतःच सैन्यात जाऊ शकतात! सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या पत्नींना शॉर्ट सर्व्हिससाठी (ठराविक वर्षांची अधिकारी-नोकरी) वयोमर्यादा ३५, एसएसबी (सैन्याची निवड-मुलाखत) द्यावी लागते. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले; स्वाती महाडिक २०१७ मध्ये लेफ्टनंट झाल्या.

सूत्रधार_७
हे कुणी विचारलं?

ताळेबंद
पेन्शनचं काय? बॅटल कॅज्युअल्टी (लढताना मृत्यू) अशी नोंद असेल तर लिबरलाइज्ड पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. फिजिकल कॅज्युअल्टी (अपघात, आजार वगैरे) असेल आणि मृत्यू सेवेमुळे मानला असेल तर स्पेशल पेन्शन, पगाराच्या ६० टक्के.

रांगेतला
तेही नाही विचारलेलं. पण यावरून आठवलं. सैन्याच्या कागदांत 'शहीद' असा दर्जाच नाही. पाटीवर 'वीरमरण' लिहा.

माळावरचा
वहिनींना फोन केला. ओटी नको म्हणाल्या. बोलणार आहेत, पाच मिनिटं. पुतळ्याचा अर्ज उद्या टाकतो, तोवर तो ग्रामपंचायतीच्या खोलीत.
एक राहिलं. पाटीही आधीच कोरून आणलीय. 'शहीद कॅप्टन' असंच आहे, रेजिमेंटही नाही. ग्रॅनाइटवरची अक्षरं बुजवता येतात का?

सूत्रधार_७
बुजवलेलं कायम दिसतं. किती जाड आहे?

माळावरचा
१८ मिमी.

सूत्रधार_७
मग उलटी करा. मागची बाजू पॉलिश करून त्यावर कोरायला सांगा. बोल्टची भोकं पाडली असतील तर तीच चालतील. या वेळी मजकूर आधी वहिनींना वाचायला पाठवा.