युनियन प्रतिनिधीचं प्रशिक्षण आणि त्यासाठी सुट्टी: इंदूर-पीथमपूरकरांचा सल्ला हवा

सेकंड_शिफ्ट_पीथमपूर

नमस्कार मंडळी. राहायला सुदामानगर, नोकरी पीथमपूरला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. आमच्याकडे चारेकशे कायम कामगार आहेत आणि जवळपास तेवढेच ठेक्यावरचे. दिवाळीनंतरच्या निवडणुकीत मला युनियनचा सहसचिव केलं. तेव्हापासून लोक पगाराची स्लिप घेऊन थेट माझ्या मशीनपाशी येतात. पीएफ या महिन्यात कमी का दिसतो, ओव्हरटाइम सिंगल का लावला, सुट्टीच्या दिवशी बोलावलं त्याचं काय. लोकांनी विश्वासाने विचारावं आणि आपण "बघून सांगतो" म्हणावं, हे मनाला फार लागतं. त्यात पुढच्या वर्षी वेतन करार संपतोय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शिकायला कुठे जाऊ? हिंदी-मराठीत असेल तर उत्तम. इंग्रजी वाचतो, पण दिवसभर ऐकलेलं डोक्यात राहत नाही. आणि सुट्टीचं काय? एचआरला तोंडी विचारलं, तर म्हणाले पीएल (आपली साठलेली पगारी रजा) टाका आणि जा. ती पीएल आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवली आहे. कायद्यात आपल्याला काही हक्क आहे का?

रामबागचे_काका

बाळा, विचारलंस हे फार बरं केलंस. मी गिरणीतला माणूस. आमच्या वेळी केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ होतं, १९५८ साली स्थापन झालेलं, मुख्यालय नागपूरला. आता त्याचं नाव दत्तोपंत ठेंगडी राष्ट्रीय कामगार शिक्षण व विकास मंडळ. त्याचं प्रादेशिक कार्यालय इंदूरातच आहे, तेव्हा पहिली फेरी तिथे मार. शिकवणं हिंदीत चालतं. पुरेसे कामगार जमले तर त्यांचे अधिकारी कारखान्यात येऊनही वर्ग घेतात, फक्त मॅनेजमेंटने जागा आणि वेळ द्यायला हवी.

पूर्वी गिरण्यांतून निवडक कामगारांना तीन-तीन महिने पूर्ण पगारावर सोडायचे. ते "श्रमिक शिक्षक" होऊन परत यायचे आणि आपल्याच खात्यातल्या लोकांचे वर्ग घ्यायचे. मी अशाच एका वर्गात बसलो. आमच्या शिक्षकाने एक खरा वेतन करार समोर ठेवला आणि अर्ध्या लोकांना मॅनेजमेंट केलं, अर्ध्यांना युनियन. मी मॅनेजमेंटच्या बाजूला. महागाई भत्त्याच्या कलमावर समोरचे जोरजोरात बोलत होते आणि मला जाणवलं की आकडा त्यांच्यातल्या कुणाकडेच नाही. "तुम्ही काय मागताय ते लिहून द्या," एवढंच मी म्हणालो आणि सगळे गप्प झाले. त्यानंतर खऱ्या टेबलावर मी कधी आकड्याशिवाय गेलो नाही.

आणि कागद जपायला शिक. आपल्या इंदूरची हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ला बंद पडली, कामगारांच्या हक्काचे २२४ कोटी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला. ज्याच्या घरी ट्रंकेत हजेरीकार्ड आणि पगाराच्या चिठ्ठ्या असतात, त्यालाच इतकी वर्षं उभं राहता येतं.

मकरपुरा_ताई

मी वडोदऱ्याची, औषध कंपनीत आहे. काकांशी पूर्ण सहमत. आणखी काही जागा सांगते. अहमदाबादला महात्मा गांधी श्रम संस्था आहे. नोएडाला व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्था आहे, केंद्रीय श्रम मंत्रालयाची, १९७४पासूनची. ट्रेड युनियनच्या पदाधिकाऱ्यांसाठी ते खास कार्यक्रम घेतात, वर्षाचं कॅलेंडर त्यांच्या वेबसाइटवर येतं. अर्ज युनियनच्या लेटरहेडवर करायचा आणि आधी फोन करून भाषा विचारून घ्यायची. मुंबईला परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्था आहे.

माझं मत विचाराल तर नोएडा दुसऱ्या वर्षी. आधी इंदूरातले छोटे वर्ग करा. स्लिप वाचता येत नसताना मोठ्या संस्थेत गेलं की वही भरते, पण शॉप फ्लोअरवर परत आल्यावर तोच पीएफचा प्रश्न उभा राहतो. तुमची युनियन इंटक, भामसं, सिटू, एचएमएस, आयटक या देशपातळीवरच्या कामगार महासंघांपैकी कुणाशी जोडलेली असेल तर त्यांच्या शिबिरांची चौकशी करा. तिथे आपल्याच उद्योगातले लोक भेटतात, आणि शेजारच्या कारखान्यात काय करार झाला हे तिथेच कळतं.

कामगार_न्यायालय_रोज

वकील आहे, कामगारांच्या बाजूने उभी राहते. सुट्टीबद्दल सरळ सांगते. खासगी कारखान्यातल्या युनियन प्रतिनिधीला प्रशिक्षणासाठी पगारी सुट्टी दिलीच पाहिजे, असं कलम आपल्याकडे नाही. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, १९७१चा १३५ क्रमांकाचा करार प्रतिनिधींच्या संरक्षणाचा आणि सोयींचा आहे, सोबतच्या १४३व्या शिफारशीत प्रशिक्षणासाठी वेळ देण्याचा उल्लेख आहे, आणि १९७४चा १४० क्रमांकाचा करार तर पगारी शैक्षणिक रजेचाच आहे. भारताने दोन्ही करारांना मान्यता दिलेली नाही. त्यामुळे एचआरसमोर ते हक्क म्हणून मांडता येत नाहीत.

तरीही धरायला जागा आहेत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत वर्क्स कमिटीच्या (मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेली कारखान्यातली समिती) बैठकीला बसलेला कामगार प्रतिनिधी कामावरच आहे असं धरलं जायचं. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत १०० किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी वर्क्स कमिटीची तरतूद कायम आहे, आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवीच. तुमच्याकडे या समित्या खरंच चालतात का, की फक्त फाइलीत आहेत? आधी त्या चालू करून घ्या. बैठकीचा वेळ "ऑन ड्यूटी" मानला जाऊ लागला की त्याच समितीच्या सदस्यांचं प्रशिक्षणही ऑन ड्यूटी का नाही, हे विचारायला पाया मिळतो.

सुरक्षेचा मार्ग तर सगळ्यात सोपा. कारखाना कायद्यात १९८७च्या दुरुस्तीने १११-अ हे कलम आलं होतं. सुरक्षा आणि आरोग्याचं प्रशिक्षण कारखान्यात मिळणं, किंवा मालकाने मान्यताप्राप्त केंद्रात पाठवणं, हा त्यात कामगाराचा हक्क म्हणून लिहिला होता. तो कायदा आता नव्या सुरक्षा संहितेत विलीन झालाय, पण एचआरवाल्यांना हा रिवाज माहीत असतो आणि सुरक्षेच्या प्रशिक्षणाला नाही म्हणणं त्यांना जड जातं. मुंबईला सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत असे कोर्स होतात.

बाकी सगळं करारात लिहून घ्यायचं. मागणीपत्रात एक कलम टाका: युनियनने नेमलेल्या इतक्या प्रतिनिधींना वर्षाला इतके दिवस प्रशिक्षणासाठी कामावर समजलं जाईल. सरकारी समेट अधिकाऱ्यासमोर सही झाली, ज्याला आपण जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलमावरून अजून १२(३)चा करार म्हणतो, की मग ती कुणाची मेहेरबानी राहत नाही.

सेकंड_शिफ्ट_पीथमपूर

काका, ताई, वकीलताई, मनापासून आभार. वर्क्स कमिटी आमच्याकडे कागदावर आहे, बैठक झालेली मी पाहिली नाही. युनियन एकच आहे. एक शंका: मी सुट्टी मागितली आणि उद्या मलाच टार्गेट केलं तर? मागे एकाची थेट दुसऱ्या प्लँटला बदली केली होती.

कामगार_न्यायालय_रोज

म्हणूनच एकट्याने मागू नका. आणि "संरक्षित कामगार" म्हणून नावं दिली आहेत का ते पाहा. एकूण कामगारांच्या १ टक्का, किमान ५, जास्तीत जास्त १०० पदाधिकाऱ्यांना हा दर्जा मिळतो. जुन्या केंद्रीय नियमांत युनियनने दरवर्षी ३० एप्रिलच्या आत नावं कळवायची असत, मध्य प्रदेशात आता कोणती तारीख आहे ते श्रम कार्यालयातून लेखी घ्या. वाद प्रलंबित असताना अशा कामगाराला प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. कवच तेवढ्याच काळापुरतं असतं, पण करार संपतोय म्हणजे तुम्हाला नेमकं तेव्हाच ते लागणार. युनियन एकच असेल तर वाटाघाटी करणारी युनियन म्हणून मान्यतेचं पत्रही घ्या. औद्योगिक संबंध संहितेच्या १४व्या कलमात अशा युनियनला सोयी देण्याची तरतूद आहे.

ग्वाल्हेर_बँकवाला

बँकेत पदाधिकाऱ्यांची स्पेशल लीव द्विपक्षीय करारातूनच आलेली आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मान्यताप्राप्त संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना वर्षाला २० दिवसांपर्यंत विशेष नैमित्तिक रजा मिळते. मागणीपत्रात या दोन्हींचा दाखला द्या. हे या देशात आधीपासून चालत आलंय, हे मॅनेजमेंटला दिसू द्या.

स्नेहलतागंज_ते_लेस्टर

इथे ब्रिटनमध्ये १९९२च्या कायद्याच्या १६८व्या कलमात मान्यताप्राप्त युनियनच्या प्रतिनिधीला कामासाठी आणि त्या कामाच्या प्रशिक्षणासाठी वाजवी पगारी वेळ मिळतो. सुरक्षा प्रतिनिधींसाठी १९७७पासून वेगळे नियम आहेत. मी स्वतः हॉस्पिटलमध्ये प्रतिनिधी आहे. इथेही वेळ आपोआप मिळत नाही, तारीख आणि अभ्यासक्रम आधी द्यावाच लागतो.

एचआर_पण_आपलाच

मी दुसऱ्या बाजूला बसतो, म्हणून सांगतो. आमच्याकडे "सर, जाऊ का" असं कोणी आलं की उत्तर पीएलच असतं, कारण वर विचारायला हातात कागद नसतो. तीन आठवडे आधी पत्र द्या, कार्यक्रमाची छापील प्रत जोडा आणि मशीनवर त्या दिवसांत कोण बसेल त्याचं नाव लिहा. हे शेवटचं असेल तर प्रॉडक्शन मॅनेजरचा विरोध तिथेच अर्धा होतो. महिनाअखेरीच्या तारखा टाळा.

सेकंड_शिफ्ट_पीथमपूर

अध्यक्षांशी बोललो. पत्र हिंदीत जाणार, मतलब असा लिहिलाय: "मला कामगार शिक्षणाच्या वर्गासाठी रजा मंजूर करावी ही नम्र विनंती." कसं वाटतं?

मकरपुरा_ताई

दादा, यातला "मला" काढा आणि "रजा" पण काढा. असं लिहा: "युनियनच्या कार्यकारिणीने अमुक तारखेच्या ठरावानुसार खालील सदस्यांची प्रशिक्षणासाठी निवड केली आहे. या काळात त्यांना कामावर समजण्यात यावं." खाली अध्यक्ष आणि सचिवांची सही, तुमची नको. आवक शिक्का मारलेली प्रत फाइलला. आणि दोघांची नावं द्या, त्यात एक तरी बाई असू द्या. तक्रार निवारण समितीत महिलांचं प्रमाण राखायचंच असतं, मग शिकायलाही त्यांनाच का पाठवू नये? आमच्याकडे पॅकिंगच्या बायकांना ड्यूटीनंतर थांबता येत नाही, म्हणून वर्ग शिफ्टच्या वेळातच ठेवायचा हे आम्ही आधी ठरवून घेतलं.

सेकंड_शिफ्ट_पीथमपूर

बरोबर आहे. असेंब्लीतली एक ताई तयार आहे, हिशोबात माझ्यापेक्षा पक्की. पण मॅनेजमेंटने पगार कापायचं म्हटलं तर? तिला एक दिवसही परवडणार नाही.

रामबागचे_काका

मग युनियनच्या फंडातून भरपाई द्या. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याच्या १५व्या कलमात पदाधिकाऱ्यांचा खर्च आणि सभासदांच्या शिक्षणावरचा खर्च, दोन्ही फंडातून करता येत असे. आता तो कायदा औद्योगिक संबंध संहितेत गेलाय, म्हणून वकीलताईंकडून आणि आपल्या युनियनच्या घटनेतून एकदा खात्री कर. कार्यकारिणीत ठराव घे, बुडालेला पगार आणि बसभाडं धरून रक्कम लिही, व्हाउचरवर सही घे. वार्षिक सभेत हिशोब मांडताना हा खर्च वेगळ्या ओळीत दाखव, म्हणजे कुणाच्या मनात शंका राहणार नाही.

मंडळाच्या कार्यालयात सकाळीच जा, सेकंड शिफ्टची बस पकडायच्या आधी होईल. त्या ताईलाही बरोबर ने. आणि स्लिपांच्या चार-पाच झेरॉक्स घेऊन जा, नावं झाकून. ओव्हरटाइम दुप्पट दरानेच द्यावा लागतो, तो सिंगल कसा लागला हे तिथल्या शिक्षण अधिकाऱ्यासमोर बसून एकदा काढून घ्या.