घरपट्टी थकली म्हणून घराची पावणी करावी का?

म्हापशेकर

परवा इथं गोव्यात आमच्या वाड्यावर गप्पांत एकाने तावातावाने मांडलं, "वर्षानुवर्षं घरपट्टी न भरणाऱ्यांची घरं सरळ पावणीला, म्हणजे लिलावाला, काढा. अमेरिकेत असंच करतात, म्हणून तिथं सगळे मुकाट भरतात." माना डोलावणारे बरेच निघाले. तर अमेरिकेचंच उदाहरण घेऊ, डेट्रॉईटचं.

1950 साली साडेअठरा लाख वस्तीचं हे शहर 2020 च्या जनगणनेत 6 लाख 39 हजारांवर आलं. मोटारींचे कारखाने हलले, ऐपतवाले उपनगरांत गेले आणि जुलै 2013 मध्ये सुमारे 18 अब्ज डॉलरच्या देण्यापायी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. मिशिगन राज्याचा 1999 चा कायदा असा, की कर तीन वर्षं थकला की घर काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) खजिनदाराच्या ताब्यात. सप्टेंबरच्या लिलावात किमान बोली थकबाकीएवढी. तिथं खपलं नाही तर ऑक्टोबरमध्ये पुन्हा, सुरुवात 500 डॉलरपासून. बरा मोबाईल येतो तेवढ्यात घर! 2011 ते 2015 या काळात शहरातल्या साधारण दर चार मालमत्तांमागे एक अशी गेली.

आता खरी गोम. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे करासाठी धरलेलं मूल्य बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त असता कामा नये. 2008 च्या मंदीत घरांचे भाव कोसळले, पण शहराच्या वहीतले आकडे त्या मानाने खाली आलेच नाहीत. सगळ्या घरांची फेरआकारणी 2017 मध्ये पुरी झाली, तीही कित्येक दशकांनी. 'डेट्रॉईट न्यूज' या दैनिकाने 2020 मध्ये हिशेब मांडला, तेव्हा 2010 ते 2016 मधली जादा आकारणी किमान 60 कोटी डॉलर भरली. म्हणजे जो कर मुळात लागूच नव्हता, त्याच्या थकबाकीत लोकांची घरं गेली.

माझं म्हणणं, आधी आकारणी सरळ करा, मग वसुलीच्या गोष्टी. आणि माणूस राहतो त्या घराची पावणी तर कधीच नको.

रोखठोक

झालं, गरीब बिचाऱ्याचं चित्र काढलंत. आमचा पगार हातात यायच्या आधी आयकर कापला जातो, फ्लॅटची घरपट्टी आम्ही मुदतीत भरतो. थकवणारे कोण? गाळे भाड्याने देऊन बसलेले, गेस्ट हाऊसवाले आणि वर्षातून पंधरा दिवस उघडणाऱ्या बंगल्यांचे धनी. नोटीस आली की हसतात, कारण पुढे काही होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

तुमच्याच डेट्रॉईटमध्ये दिवाळखोरीच्या वेळी रस्त्यावरचे सुमारे 40 टक्के दिवे बंद होते. ते का? पालिकेच्या तिजोरीत पैसा नव्हता म्हणून. जप्तीची तरतूद आपल्या कायद्यातही आहे. वापरायची नसेल तर कशाला ठेवली?

म्हापशेकर

मग पावण्या करून दिवे लागले का? 500 डॉलरला घेतलेलं घर घेणाऱ्याने मोडकळीला सोडलं, पुन्हा कर थकवला, आणि तेच घर परत लिलावात आलं. अशी कितीतरी. राहता माणूस बाहेर काढला, घर ओस पडलं, शेजारच्यांच्या घराची किंमत आणखी उतरली. वसुली म्हणायची ती हीच का?

नोव्हीचो गोंयकार

डेट्रॉईटच्या नोव्ही या उपनगरात राहतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं टोचतो.

1999 चा कायदा कुणी दुष्टपणाने आणला नव्हता. त्याआधी थकलेल्या घराचा निकाल लागायला सहा-सात वर्षंही जात. तोवर घर रिकामं, कुणीतरी तांब्याचे पाईप काढून नेलेले, शेवटी आग. ते थांबवायला मुदत कमी केली. हे म्हापशेकरांनी सांगितलं नाही.

रोखठोक, आता तुमच्यासाठी. इथं थकबाकीवर वर्षाला 18 टक्के व्याज होतं. काउंटी शहराला थकलेली रक्कम आगाऊ देते, मग मालकाकडून व्याज-दंडासकट वसूल करते आणि वरची मिळकत आपल्याकडे ठेवते. लोक उशिरा भरतात यातच ज्या खात्याचा फायदा, ते त्यांना वेळेवर जागं कशाला करील? अगदीच कमी उत्पन्नाच्या, स्वतः त्या घरात राहणाऱ्या मालकाला पूर्ण माफीसुद्धा होती. पण अर्ज दरवर्षी नव्याने करायचा, आणि अशी सोय आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं. जप्तीची नोटीस मात्र पिवळ्याजर्द पिशवीत घालून दाराला लटकवायचे, रस्त्यावरून दिसेल अशी. माफीच्या अर्जाला तशी पिशवी नव्हती. यावरून 2016 मध्ये खटला झाला. 2018 च्या तडजोडीत, माफीला पात्र असलेल्या काही मालकांना 1000 डॉलरमध्ये घर परत घेता येईल असं ठरलं. ज्यांची घरं आधीच विकली गेली होती, ते मात्र राहिलेच.

पेडण्याची सून

इथं गाळेवाले आणि गरीब सोडून तिसरा प्रकार आहे, आमच्यासारख्यांचा. सासरच्या घराची घरपट्टी अजून नवऱ्याच्या पणजोबांच्या नावावर येते. ते जाऊन साठ वर्षं झाली असतील. वाटेकरी म्हापसा, मुंबई, लिस्बन, इंग्लंडातलं स्विंडन असे पसरलेले. पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्यामुळे नवरा-बायको दोघांचीही सही हवी, म्हणजे प्रत्येक भावामागे एक सही वाढते. इन्व्हेंटरी (वारसांच्या वाटणीचा कोर्टातला दावा) घालायची म्हटलं की कुणीतरी रुसतं.

आणि घरपट्टी का थकते सांगू? पैसे नाहीत म्हणून नव्हे. जो भरील त्याच्याकडे बाकीचे डोळे वटारून बघतात, "हा पावत्या जमवतोय, उद्या घर आपलं म्हणेल." मग कुणीच भरत नाही. नळे (कौलं) सरकलेत, बाल्कांवचा (दारापुढच्या ओसरीचा) वासा वाळवीने खाल्लाय. नोटीस आलीच तर पणजोबांना येणार.

रोखठोक

वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे तर माझ्याच बाजूचं झालं. पावणीची तारीख लागू दे, लिस्बनवाले आणि स्विंडनवाले आठ दिवसांत एका फोनवर येतील. भाऊबंदकीचा खर्च गावाने का सोसायचा?

जुना कारकून

फोनवर येतील ते वाटेकरीच असतील कशावरून? गोव्यात 2022 मध्ये जमीन हडप प्रकरणांसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. मालक परदेशी किंवा वारलेला, घर बंद, अशी मिळकत हेरायची आणि जुन्या धाटणीचे खोटे दस्त तयार करायचे, अशा त्या तक्रारी. त्यांना एवढी तरी मेहनत पडली. थकबाकीची यादी लावून पावण्या सुरू केल्यात तर बंद घरांची निवडक यादी तुम्हीच हातात दिलीत, आणि वर सरकारी शिक्का. शिवाय त्या जमिनीत मुंडकार, म्हणजे मालकाच्या संमतीने तिथं घर करून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा, असेल तर 1975 च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. घेणाऱ्याच्या गळ्यात आधी तो दावा पडेल.

आणखी एक. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी घर विकून थकबाकीपेक्षा जास्त आलेला पैसाही सरकारच ठेवायचं. मिशिगनमध्येच एकाचं घर 8 डॉलर 41 सेंटच्या मूळ थकबाकीपायी गेलं, 24,500 डॉलरला विकलं गेलं आणि मालकाला छदाम मिळाला नाही. 2020 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. 2023 मध्ये मिनेसोटातल्या चौऱ्याण्णव वर्षांच्या बाईंच्या खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं, एकमताने. आपल्याकडे जमीन महसुलासारखी वसुली करताना विक्री झाली तर उरलेला पैसा मालकाला देतात. म्हणून गप्पांत "अमेरिकेसारखं करा" म्हणणाऱ्याला विचारा, कुठल्या सालच्या अमेरिकेसारखं?

रोखठोक

बरं, राहतं घर सोडलं. मुंडकाराचंही सोडलं. पण भाडं खाणारा गाळा? गेस्ट हाऊस? त्यालाही पणजोबा आहेत का?

म्हापशेकर

गाळ्याला माझी ना नाही. सील ठोका, भाडेकरूला भाडं थेट पालिकेत भरायला सांगा. घर विकायची गरजच पडणार नाही.

रोखठोक

सील ठोकायला गेलेला माणूस आमदाराच्या फोनवर परत फिरतो, तेही लिहा की.

पेडण्याची सून

ते तुमचं चालू द्या. कारकूनकाका, आम्ही दोघांनी मागची सगळी बाकी भरून टाकायची म्हटली, नाव न बदलता, तर जमेल का? बाकीच्यांनी बोंब मारता कामा नये.

जुना कारकून

जमेल. पावती पणजोबांच्याच नावाने फाडून घ्या आणि त्यावर "हस्ते" म्हणून तुमचं नाव घालायला सांगा. घरपट्टीच्या पावतीने मालकी ठरत नाही, हे दिरांना लेखी कळवा आणि सोबत पावतीचा फोटो पाठवा. वाट्याला येतील तेवढे पैसेही त्याच पत्रात मागा. देणार नाहीत, पण मागितल्याची नोंद राहील.