तलंग अंड्यावर आली की...

बाळेकर:
आज दुपारी शेजारच्या तलंगेनं, म्हणजे नुकत्याच वयात आलेल्या कोंबडीनं, पहिलं अंडं दिलं आणि सगळी गल्ली डोक्यावर घेतली. आमचं बाळे गावातलं अंगण आठवलं. आजीला तुरा बघूनच कळायचं. फिकट तुरा लालभडक झाला, पाठीवर हात ठेवल्यावर तलंग पंख सैल सोडून खाली दबायला लागली, की आजी डालग्यात (कोंबडीच्या टोपलीत) भुसकट पसरून ठेवायची. पहिलं अंडं बारकंसं, ते घरातल्या सगळ्यात धाकट्या पोराला. तुमच्याकडं काय करायचे? लिहा सगळ्यांनी.

होटगी रोड:
डालग्यात एक अंडं कायम ठेवायचं, सगळी उचलायची नाहीत. नाहीतर जागा बदलते. आमची कडब्याच्या गंजीत घालायची, वास आल्यावर कळायचं 😄

माळावरची:
गावरान सहा महिने तरी घेते. गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती त्याआधी अंड्यावर येतात. घाई करून काही होत नाही ओ.

सुगरण_सोलापूर:
माझ्या तलंगेनं कवचच नसलेलं अंडं घातलं, नुसता पापुद्रा! लई घाबरले.

माळावरची:
ताई, सुरुवातीला होतं तसं. पहिल्या अंड्यावर रक्ताची पुसट रेघ असली तरी घाबरू नका. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, लागेल तेवढा तीच खाते. खाद्यात मिसळू नका, बारक्या पिल्लांना जास्तीचा चुना बाधतो. तरी मऊच येत राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

सुगरण_सोलापूर:
आजच आणते 🙏

अक्कलकोट नाका:
आमच्या तलंगा थंडीत वयात आल्या, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली तरी अंडं नाही. डिसेंबरात इथं दिवस जेमतेम 11 तासांचा, उजेड कमी पडला की अंडी लांबतात. पोल्ट्रीवाले दिवे लावून 16 तासांपर्यंत उजेड देतात ते यासाठीच. मी दिवा लावला नाही, दिवस वाढल्यावर आपोआप घातली. मला तेच बरं वाटतं, कोंबडीचं शरीर आधी भरू द्यावं.

जुळे सोलापूर:
आणि मग एप्रिल येतो! पारा 42 वर गेला की चोच उघडी टाकून धापा टाकतात, खाणं कमी, अंडीही कमी. जाळीला ओलं पोतं बांधते, माठातलं पाणी ठेवते.

विजापूर_वेस:
आमची ऐन अंड्यावर आलेली तलंग मुंगसानं नेली. आई दोन दिवस नीट जेवली नाही. खुराड्याला बारीक जाळी मारा सगळ्यांनी, खालूनसुद्धा.

बाळेकर:
अरेरे. आईंना सांगा, आमच्याकडची खुडूक कोंबडी अंडी उबवायला बसलीय. पिल्लं निघाली की दोन त्यांची.

विजापूर_वेस:
खरंच? आईला आत्ताच सांगतो. पिल्लांना मानमोडी रोगाची लासोटा लस कधी द्यायची असते?

माळावरची:
पहिल्याच आठवड्यात, डोळ्यात नाहीतर नाकात थेंब. मानमोडी आली तर खुराडं रिकामं होतं, विसरू नका.

होटगी रोड:
बाळेकर, खुडूक गावरान आहे का? मलाही हवीत की ओ दोन.

बाळेकर:
अस्सल गावरान. रविवारी या, येताना डालगं आणा.