कमिशनचं पोर्ट्रेट, गिऱ्हाइकाची पत्रं: व्हिक्टोरियन चित्रकार काय करायचे?

कॅनव्हास_लालबाग

नमस्कार मंडळी. जे.जे.तून बाहेर पडल्यापासून मी तैलरंगात व्यक्तिचित्रं करते, त्यावरच घर चालतं. सध्या ३० बाय ४० इंचांच्या एका चित्रावर अडले आहे.

परळला एका बाईंची खानावळ होती, गिरणी कामगारांची. त्यांच्या नातवाने आजीचं पोर्ट्रेट सांगितलं. फोटो एकच दिला, कृष्णधवल. बाई दाराशी बसल्या आहेत, मांडीवर हिशेबाची वही, अंगावर सुती लुगडं, आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. दमलेली नजर आहे, पण दबलेली नाही. त्या नजरेसाठीच मी हे काम घेतलं. कोळशाचं स्केच नातवाने पाहिलं, पसंत केलं, ठरलेला अॅडव्हान्स वेळेवर दिला. माणूस सज्जन आहे, हे आधीच सांगते.

आता चेहरा, हात, दाराची चौकट सगळं झालंय आणि मेसेज आलाय: आजीला पैठणी नेसवा, मागे समई दाखवा आणि चेहरा प्रसन्न करा, हॉलमध्ये लावायचं आहे, इतकी थकलेली बघवत नाही. समई मी काढीन. पैठणीचंही बघता येईल. चेहऱ्यावर मात्र हात चालत नाही.

कॉलेजात फोर्ड मॅडॉक्स ब्राउन या इंग्लिश चित्रकाराचं 'वर्क' शिकवताना सरांनी सांगितलं होतं की त्याच्या आश्रयदात्याने पत्र लिहून चित्रात बदल मागितले होते. तेव्हापासून कुतूहल आहे. त्या काळचे चित्रकार आणि त्यांचे धनिक वर्षानुवर्षं पत्रं लिहायचे एकमेकांना. कोण काय मागायचं, चित्रकार कितपत ऐकायचे, शेवटचा शब्द कोणाचा? कोणाला माहीत असेल तर सविस्तर लिहा. मला रविवारपर्यंत नातवाला उत्तर द्यायचं आहे.

जुनी_वार्निश

ताई, मी फोर्टात जुन्या तैलचित्रांच्या जतनाचं काम करतो. घरच्यांच्या आग्रहाने मागाहून चढवलेले दागिने, काळे केलेले केस, पुसलेल्या सुरकुत्या हे सगळं माझ्या हाताखालून जातं. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे.

आधी ब्राउन. 'वर्क' त्याने १८५२ मध्ये सुरू केलं, लंडनच्या हॅम्पस्टेडमधल्या हीथ स्ट्रीटवर. मधोमध रस्ता खणणारे मजूर, कडेने जाणारी सुखवस्तू मंडळी. मग ते पैशांवाचून रखडलं. १८५६ मध्ये लीड्सच्या थॉमस प्लिंट नावाच्या शेअर दलालाने ते ४०० गिनींना (गिनी म्हणजे तेव्हाचं फी मोजायचं माप) ठरवलं आणि पत्रातून दोन मागण्या केल्या. कार्लाइल आणि किंग्जली हे दोन विचारवंत चित्रात हवेत. आणि नटूनथटून चाललेल्या तरुणींपैकी एकीची शांत, धर्मशील बाई करावी, हातात धर्मप्रसाराची पत्रकं असलेली. प्लिंट स्वतः फार धार्मिक वृत्तीचा होता.

ब्राउनने कार्लाइल घेतला. किंग्जलीच्या जागी एफ. डी. मॉरिस आणला, कारण मॉरिसने लंडनमध्ये कामगारांसाठी कॉलेज काढलं होतं आणि ब्राउन तिथे चित्रकला शिकवायचा. पत्रकंवाली बाईही काढली. पण चित्रात मजूर तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. १८६५ च्या प्रदर्शनासाठी ब्राउनने स्वतः कॅटलॉग लिहिला, त्यात तिच्याविषयी म्हटलंय की या भल्या बाईंच्या मनात कदाचित कधी आलंच नसेल, की मजुरांच्या विचारांची पत्रकं बायकांना वाटली तर त्यांचंही भलं होईल, असं मजुरांना वाटत असेल. म्हणजे आश्रयदात्याने सांगितलेली बाई चित्रात आली आणि तिच्यामुळेच चित्राचं म्हणणं जास्त टोकदार झालं. माझ्या मते हे जमलं, कारण पत्र आलं तेव्हा माणसांचं बरंचसं काम व्हायचं होतं. ब्राउनला मागणी पचवायला वेळ मिळाला. प्लिंटला मात्र पुरं झालेलं चित्र दिसलं नाही. तो १८६१ मध्ये गेला, चित्र संपलं १८६३ मध्ये. आज ते मँचेस्टरच्या कलादालनात आहे.

आता दुसरं उदाहरण, आणि तुमचं दुखणं तेच आहे. चित्रकार विल्यम होल्मन हंटचं 'द अवेकनिंग कॉन्शन्स'. मँचेस्टरचा उद्योगपती थॉमस फेअरबेर्न याच्यासाठी केलेलं, १८५४ च्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलेलं. एका श्रीमंताने ठेवलेली तरुणी त्याच्या मांडीवरून अचानक उठते, तिला स्वतःच्या आयुष्याची जाणीव होते, तो क्षण. लोकांना चित्र कळेना. तेव्हा रस्किन या कलासमीक्षकाने 'द टाइम्स'ला पत्र लिहून एकेक वस्तू उलगडून दाखवली, खोलीतल्या फर्निचरचा कोरा करकरीत नवेपणासुद्धा. हंट तेव्हा मध्यपूर्वेच्या प्रवासावर होता. चित्र घरी गेलं, आणि तिच्या चेहऱ्यावरची वेदना फेअरबेर्नला रोज बघवेना. हंट परत आल्यावर त्याने चेहरा बदलून मागितला. हंटने बदलला.

आज टेट गॅलरीत जो चेहरा आहे तो हा दुसरा. रस्किनने ज्या चेहऱ्याबद्दल लिहिलं, तो कोणालाच दिसत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. मांडणी, प्रकाश, आरसा, टेबलाखालची मांजर आणि तिच्या तावडीतला पक्षी, सगळं पहिल्या चेहऱ्यासाठी रचलेलं होतं. हंटसारखा हट्टी माणूस, जो एका बकऱ्याच्या चित्रासाठी मृत समुद्राच्या काठी जाऊन राहिला, तो इथे नमला.

आणखी एक, कामातलं. सुकलेल्या तैलरंगावर नवा चेहरा चढवला तरी खालचा कायमचा जात नाही. शिशाचा पांढरा वापरला असेल तर वरचा थर वर्षांगणिक पारदर्शक होत जातो आणि खालची रेष वर डोकावते. तुम्ही टायटॅनियमचा पांढरा वापरत असाल, तो जास्त झाकतो. तरीही खालच्या ब्रशचे उंचवटे तिरप्या उजेडात दिसतातच. माझं मत विचाराल तर विषय, कपडे, वस्तू यांवर गिऱ्हाइकाचा हक्क आहे, तोही काम सुरू होण्याआधी. पसंत केलेल्या स्केचवरून पुरा झालेला चेहरा बदलू नका.

बोरीबंदर

मी जाहिरातींसाठी चित्रं काढतो. काकांनी चेहऱ्याचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो, कारण त्या पत्रव्यवहारांत खरी भांडणं तिथेच आहेत.

चित्रकार व्हिस्लर आणि फ्रेडरिक लेलँड. लेलँड लिव्हरपूलचा जहाजमालक, व्हिस्लरचा जुना आश्रयदाता. १८७६ मध्ये लंडनच्या प्रिन्सेस गेटमधल्या त्याच्या घरी जेवणाच्या खोलीचं काम चालू होतं. भिंतींना जुनं सोनेरी नक्षीचं चामडं, चिनी भांड्यांसाठी फळ्या. व्हिस्लरने रंगात थोडा फेरफार करायचा, एवढंच ठरलेलं. मालक लिव्हरपूलकडे गेला आणि व्हिस्लर रंगवतच सुटला. महागडं चामडं निळ्याने झाकलं, त्यावर सोन्याचे मोर काढले. पत्रांतून कळवत राहिला की तुमच्यासाठी एक अपूर्व गोष्ट तयार होतेय, पण किती पैसे होतील ते कळवलं नाही. मग मागितले २,००० गिनी. लेलँडचं म्हणणं, एवढा खर्च वाढवण्याआधी मला विचारायला हवं होतं. शेवटी त्याने निम्मे दिले, आणि तेही गिनीत नाही, पौंडांत.

गिनी म्हणजे २१ शिलिंग, पौंड म्हणजे २०. गिनीचं नाणं तेव्हा पाडत नव्हते, पण डॉक्टर, वकील, चित्रकार यांची फी गिनीतच मोजायची रीत होती. पौंडांत पैसे मिळायचे ते दुकानदाराला. आपल्याकडे कीर्तनकाराला ठरवून ५०१ ऐवजी ५०० हातावर टेकवावेत, तसं ते. हजारावर ५० पौंड कमी, आणि अपमान वेगळा. व्हिस्लरने त्याच खोलीच्या भिंतीवर दोन भांडणारे मोर काढले, एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली. १८७९ मध्ये व्हिस्लरचं दिवाळं निघालं, तेव्हा मोठ्या सावकारांत लेलँड होता. ती अख्खी खोली आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत आहे. व्हिस्लरचा पत्रव्यवहार ग्लासगो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलाय, फुकट वाचता येतो. एका बैठकीत दोघांची पत्रं ओळीने वाचा, मैत्री कुठे तुटली ते तारखेसकट दिसतं.

म्हणून ताई, पैठणीचे पैसे वेगळे सांगा, आणि आत्ताच सांगा. जरीचा पदर रंगवायला किती दिवस जातात ते तुम्हाला माहीत, नातवाला कसं कळणार? मी स्केच मंजूर झाल्यावर एकदाच फुकट बदल करून देतो. नंतरच्या प्रत्येक बदलाचा दर आधीच मेलमध्ये लिहिलेला असतो.

पार्ल्याची_लेक

मी दुसऱ्या बाजूची. वडिलांचं पोर्ट्रेट आम्ही करून घेतलं आहे, ते जेवणाच्या टेबलासमोर लागलंय.

काका, तुम्ही फेअरबेर्नला फार पटकन दोषी ठरवलंत. प्रदर्शनात चित्र बघणारा दहा मिनिटांत पुढे जातो. विकत घेणारा त्याच्यासमोर रोज सकाळी उठतो. एखादी वेदना खरी असली, चित्रातली उत्तम गोष्ट असली, तरी ती घरात रोज झेपेल असं नाही. हंटने ते ऐकलं यात मला नमणं दिसत नाही, माणुसकी दिसते.

आणि ताई, नातवाच्या मेसेजकडे पुन्हा बघा. फोटो खानावळीच्या दारातला आहे, कामाच्या वेळचा. नातवाला आजी आठवते ती बहुतेक काम सुटल्यानंतरची, त्याला मांडीवर घेणारी. त्याला खोटा चेहरा नको असेल, त्याच्या ओळखीचा चेहरा हवा असेल. पैठणी कुठून आली? कदाचित कोणाच्या तरी लग्नात ती खरंच नेसली असेल. विचारलंत का? आमच्या वडिलांच्या वेळी चित्रकार घरी येऊन दोन तास बसले, अल्बम चाळले, वडील चिडले की कसे दिसायचे ते आईला विचारलं. मग जे झालं त्याला कोणी हात लावा म्हणालं नाही.

आपल्याकडचं एक उदाहरण द्यायचं तर राजा रविवर्मा. सयाजीरावांनी बडोद्याच्या राजवाड्यासाठी पौराणिक प्रसंगांची १४ चित्रं सांगितली, मोबदला ५०,००० रुपये. रविवर्मा आणि त्यांचे भाऊ आधी उत्तर हिंदुस्थान फिरून आले, लोकांचे पोशाख आणि चेहरे बघायला. चित्रं १८९० च्या सुमारास पुरी झाली आणि राजवाड्यात जाण्याआधी बडोद्यात आणि मुंबईत लोकांना दाखवली गेली. पैसे राजाचे, विषय राजाला हवे ते, पण घाई नाही. चित्रकाराला माहिती गोळा करायला सवड मिळाली.

जुनी_वार्निश

अल्बम मागायची सूचना मला पटली. तसा खरा फोटो निघाला तर नवा चेहरा दुसऱ्या कॅनव्हासवर करा, या चेहऱ्यावर नको. बाकी फेअरबेर्नबद्दल माझं मत तेच आहे. त्याला न झेपलेलं चित्र तो दुसऱ्या खोलीत हलवू शकला असता.

काळा_घोडा

वकिली करतो, एक मुद्दा राहिलाय. त्याच काळातल्या फ्रिथ या चित्रकाराने 'डर्बी डे' हे चित्र जेकब बेलसाठी केलं, १,५०० पौंडांना. पण त्यावरून छापील प्रती काढायचा हक्क वेगळा ठेवून गँबार्ट या विक्रेत्याला विकला, पुन्हा १,५०० पौंडांना. पुढे १८६२ मध्ये इंग्लंडात कायदा झाला, त्यात कमिशनच्या चित्राचा हक्क लेखी राखून ठेवला नाही तर चित्रकाराकडे राहायचा नाही.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही त्याच वळणाचा आहे. कलम १७ प्रमाणे मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून पोर्ट्रेट केलं, तर वेगळा करार नसताना पहिला हक्क सांगणाऱ्याचा. उद्या नातवाने खानावळीच्या नावाने मसाले काढले आणि पाकिटावर तुमचं चित्र छापलं, तर तुम्हाला पैसे मागता येणार नाहीत. चित्राची मोडतोड करून तुमच्या नावलौकिकाला धक्का लावला तर कलम ५७ तुमच्या बाजूला आहे, एवढंच. हवं असेल ते आत्ता लिहून घ्या.

कॅनव्हास_लालबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. कलम १७ मला कोणी शिकवलं नव्हतं.

आज नातवाशी फोनवर बोलले. पैठणी खरीच होती, धाकट्या मुलीच्या लग्नातली, आणि त्या लग्नाचा अल्बम कल्याणला आत्याकडे आहे. मग त्यांना हे पाठवलं:

'दादा, खानावळीतल्या आजींचं चित्र ठरल्याप्रमाणे सुती लुगड्यातच पुरं करते, चेहरा आहे तसाच राहील. समई त्यात बसणार नाही, कारण जागा खानावळीचं दार आहे. लग्नाच्या फोटोत तुमच्या ओळखीच्या आजी सापडल्या, तर त्यांचं १५ बाय १८ इंचांचं वेगळं चित्र करीन, पैठणीसकट. त्याची रक्कम, स्केच मंजुरीनंतरचा एक बदल आणि प्रती छापण्याचा हक्क कोणाचा, हे सोबतच्या कागदावर लिहिलं आहे. वाचून सही करून पाठवा. दोन्हींपैकी हॉलमध्ये कोणतं लावायचं ते तुम्ही ठरवा.'

त्यांचं उत्तर आलंय. आत्या अल्बम कुरिअरने द्यायला तयार नाहीत, म्हणून शनिवारी मीच कल्याणला जाते आहे.