जिवंत शिंपला २३०० वर्षांचा? (आणि नावापुढचं 'डॉ.')

बसाल्टबाबा:
काल सासवडकरांनी अमेरिकेतले सृष्टिनिर्मितीवादी (बायबलप्रमाणे देवानेच सृष्टी घडवली, उत्क्रांती झाली नाही असं मानणारे) वक्ते केंट हॉविंड यांच्यावर लिहिलं: "माणूस नियतकालिकाचं नाव, साल, खंड तोंडपाठ सांगतो. जिवंत शिंपल्याचं वय कार्बन डेटिंगने २३०० वर्षं आलं म्हणे. मग पृथ्वी सहा हजार वर्षांचीच असेल तर?" त्याखाली 'विचार करायला लावणारं' असे भराभर प्रतिसाद. रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

शिंपला खरा आहे. १९६३ साली 'सायन्स'मध्ये कीथ आणि अँडरसन यांचा लेख आला होता. पण त्याच्या शीर्षकातच शिंपल्यांची ही वयं खोटी येतात असं म्हटलंय! नदीच्या पाण्यात चुनखडीतला, कुजलेल्या मातीतला जुना कार्बन असतो. शिंपला तोच घेऊन कवच बांधतो, म्हणून जन्मतःच म्हातारा दिसतो. कारण त्याच लेखात आहे. हॉविंड खंड क्रमांक सांगतात आणि कारण गिळतात.

शिवाय कार्बन डेटिंगमध्ये जो मोजतात, त्या कार्बन-१४चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगा उरतच नाही. डायनोसॉर संपले ६.६ कोटी वर्षांपूर्वी, त्यांचं वय कार्बनने कोण काढतं? सोनाराच्या काट्यावर उसाचा ट्रक चढवायचा आणि काटा खोटा म्हणायचं!

आणि हॉविंड यांची डॉक्टरेट मान्यता नसलेल्या पेट्रियट बायबल युनिव्हर्सिटीची. प्रबंधाची सुरुवात 'हॅलो, माझं नाव केंट हॉविंड'.

सासवडकर:
आलात ना शेवटी डिग्रीवर? वाटच बघत होतो. आमच्या शेतात एका डिग्रीवाल्या तज्ज्ञाने यंत्र लावून बोअरची जागा दाखवली. तीनशे फूट धूळ निघाली, पैसे बुडाले. मग चौथी नापास पानाड्याने नारळ घेऊन दुसरी जागा दाखवली, आज त्यावर दीड एकर अंजीर उभी आहे. सांगा आता.

तंबोरा:
पानाड्याच्या फसलेल्या बोअरी कोण मोजतं हो? लागली की नारळाची पुण्याई, नाही लागली की नशीब.

सासवडकर:
तुम्ही कधी बोअर मारलीय का? मग गप्प बसा.

नको_ते_डॉ:
विषय निघालाच आहे म्हणून. मी पीएचडीला सात वर्षं घालवली. गाईडच्या मुलीच्या लग्नात पंगती वाढल्या आहेत. आता सोसायटीच्या पाट्या बघा: एक दातांचे डॉ., एक होमिओपॅथीचे डॉ., आणि एक वास्तुवाले, ज्यांना हॉटेलच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळासह डॉक्टरेट मिळाली. वॉचमन त्यांना सलाम ठोकतो, मला विचारतो, "तुम्ही कुठले डॉक्टर? गोळ्या देत नाही का?"

मीनाक्षी_वहिनी:
होमिओपॅथीला वास्तुवाल्याच्या पंगतीत बसवलंत? माझी जाऊ साडेपाच वर्षं शिकलीये.

नको_ते_डॉ:
वर्षं मोजायची तर माझी सात.

मीनाक्षी_वहिनी:
ती पंगती वाढण्यात गेली, तुम्हीच लिहिलंय.

ह्यूस्टनकर:
अहो, डॉक्टरकी आवरा. डिग्रीनेच ठरवायचं तर ड्युएन गिश यांचं काय कराल? त्यांची बर्कलेची जीवरसायनशास्त्रातली अस्सल पीएचडी होती आणि तेही उत्क्रांती नाकारत. वादविवादात इतके मुद्दे इतक्या वेगाने फेकत की समोरचा एकाला उत्तर देईपर्यंत वेळ संपे. उत्क्रांतीची बाजू मांडणाऱ्या यूजिनी स्कॉट यांनी १९९४ साली त्याला 'गिश गॅलप' (गिशची घोडदौड) असं नावच दिलं. आणि हॉविंड यांना कराच्या प्रकरणात २००६ साली दोषी ठरवलं, पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. ते कुणी लिहिलं नाही?

बसाल्टबाबा:
लिहायचं नव्हतं म्हणून नाही लिहिलं. कर बुडवणारा माणूस शिंपल्याबद्दल खरं बोलू शकतो. डिग्रीचा मुद्दाही मागे घेतो, तो मी रागात लिहिला. लेख उघडून बघा एवढंच म्हणणं आहे. घरचा आहेरही आहे: बायबलवर तितकीच श्रद्धा असलेल्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या सृष्टिवादी संस्थेने २००२ साली, सृष्टिवाद्यांनी कोणते युक्तिवाद वापरू नयेत, याची यादी काढली. त्यावर हॉविंडच चिडले!

तंबोरा:
अमेरिकेला हसू नका. २०१८मध्ये आपल्या औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विन चूक ठरवला, कारण माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादमींना मिळून पत्रक काढावं लागलं.

सासवडकर:
आलं राजकारण. आता कुणीतरी दशावतार काढेल.

मीनाक्षी_वहिनी:
मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम बघा की! आमचे सासरे नेहमी सांगायचे.

सासवडकर:
काढलाच.

बसाल्टबाबा:
वहिनी, माशानंतर कासव बरोबर, पण परशुरामानंतर राम यात कुठली उत्क्रांती झाली?

सासवडकर, पुस्तकं राहू द्या. घाटात काळ्या दगडांच्या थरांमध्ये लाल पट्टा दिसतो, तो लाल बोळ. एक लाव्हा थंड झाला, वरचा भाग झिजून लाल माती झाली, मग पुढचा लाव्हा आला. असे थरावर थर. सह्याद्रीच्या या दगडांचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने आणि झिरकॉन या खनिजातल्या युरेनियम-शिशावरून काढलंय, साधारण ६.६ कोटी वर्षं. सहा हजार वर्षांत हे सगळं बसवायचं तर शिवरायांच्या थोडं आधीपर्यंत रायगड गरम असायला हवा.

सासवडकर:
महाराजांना यात आणू नका. शिंपला मागे घेतो. लेख शोधला, पहिलं पान दिसलं, शीर्षक तुम्ही म्हणता तसंच आहे. त्या माणसाने ते सांगायला हवं होतं, इतकंच. पानाड्या मागे घेणार नाही.

तो लाल पट्टा दिवे घाटात दिसतो का? रोज गाडी काढतो तिथून, कधी बघितला नाही.