विमानाची धास्ती असणाऱ्याने विमानतळ कोणता निवडावा?

धाकधूक

प्रवास सहा आठवड्यांवर आलाय, तिकीट अजून काढलेलं नाही. दोन विमानतळांचा पर्याय आहे.

छोटा: रस्त्याने पाऊण तास. धावपट्टी एकच, १,९०० मीटर, एका अंगाला डोंगर. तिथून एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान (टर्बोप्रॉप) मोठ्या शहरात नेतं आणि तिथे ५५ मिनिटांत पुढचं विमान गाठायचं.

मोठा: रस्त्याने तीन तास. दोन धावपट्ट्या, लांबी ३,४०० मीटर. इच्छित ठिकाणी थेट जेट विमान, सकाळी ६:४० आणि दुपारी ३:३० ला.

आखूड धावपट्टीत धोका जास्त असतो का? हादरे कुठून कमी बसतील? आणि मोठ्या विमानतळाच्या गर्दीतच निम्मा जीव जातो, त्याचं काय करावं? "विमानप्रवास सगळ्यात सुरक्षित, बिनधास्त जा" एवढ्यावर थांबणारे प्रतिसाद कृपया नकोत. कारण कळलं की धीर येतो, नुसत्या आश्वासनाने येत नाही.

---

धावपट्टीवाला

आधी धावपट्टीचं. लांबी किती यापेक्षा त्या विमानाला किती लागते हे बघायचं असतं. एटीआर ७२ ला पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला, बेताच्या तापमानात उड्डाणासाठी १,३०० मीटरच्या आसपास पुरतात. म्हणजे १,९०० त्याला ऐसपैस आहे. तीच धावपट्टी भरलेल्या मोठ्या जेटला तोकडी पडेल, म्हणून ते तिथे येतच नाही. आलंच तर माणसं आणि इंधन कमी घेऊन येतं.

उतरण्याचा हिशोब निघण्याआधीच झालेला असतो. जेट विमान उपलब्ध धावपट्टीच्या ६० टक्क्यांत थांबू शकेल असं कागदावर दाखवावं लागतं. टर्बोप्रॉपला युरोपच्या नियमात ७० टक्के. धावपट्टी ओली असण्याची शक्यता असेल तर त्या गरजेच्या लांबीवर आणखी १५ टक्के चढवतात. तापमान, वारा, वजन, उतार हे सगळं त्यात धरलेलं असतं. शिवाय धावपट्टीचा पट्टा संपल्यावर पुढे किमान ९० मीटर मोकळी सुरक्षा जागा ठेवावी, शक्य तिथे २४०, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे.

उड्डाणाचंही तसंच. धाव घेताना एक ठरावीक वेग असतो, त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आत इंजिन बिघडलं तर उरलेल्या धावपट्टीवर थांबता येतं. त्यानंतर बिघडलं तर एका इंजिनवर उडता येतं. हे गणित बसत नसेल तर विमान जागचं हलवतच नाहीत, मग धावपट्टी १,९०० ची असो की ४,००० ची.

तेव्हा धोक्याच्या दृष्टीने दोन्ही सारखे समजा. अनुभवात मात्र फरक पडतो आणि धास्ती असणाऱ्याला तोच महत्त्वाचा. आखूड धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम ठामपणे चाकं टेकवतात, अलगद टेकवण्याच्या नादात मीटर वाया घालवत नाहीत. दण्णकन बसतं, लगेच ब्रेक लागतात आणि उलट्या रेट्याचा (इंजिनं विमानाला मागे रेटतात त्याचा) घरघराट सुरू होतो. याला "वाईट लँडिंग" समजू नका, तिथे तेच बरोबर लँडिंग. लांब धावपट्टीवर ब्रेक हळू लावता येतात. उड्डाणालाही बरेचदा इंजिनाची पूर्ण ताकद न लावता कमी रेट्यावर निघतात, त्यामुळे पाठीला धक्का सौम्य बसतो. धाव मात्र लांबते. "अजून कसं उचललं नाही" असं वाटेल तेव्हा हे आठवा.

उतरण्याचा कोनही बघावा. नेहमीचा ३ अंशांचा. लंडन सिटी विमानतळावर तो ५.५ अंश आहे आणि धावपट्टी १,५०८ मीटर. तिथे फक्त त्यासाठी मंजूर केलेली विमानं आणि खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिक जातात. सुरक्षित आहेच, पण नाक खाली झुकल्यासारखं वाटतं. ज्याला पर्याय आहे त्याने धास्ती मोडायची सुरुवात अशा ठिकाणाहून करू नये.

---

वातकुक्कुट

वरच्याला अनुमोदन. आता हादऱ्यांचं, कारण माझ्या मते विमानतळापेक्षा तास निवडणं जास्त कामाचं आहे.

ऊन चढलं की जमीन तापते आणि हवेचे गरम लोट वर चढू लागतात. दुपारी दोन ते पाचच्या सुमारास हे सगळ्यात जोरात असतं. विमान त्या थरातून वर जाताना आणि परत खाली येताना खडखडतं. पहाटे हवा शांत असते. म्हणून तुमच्या ६:४० आणि ३:३० मध्ये जो फरक आहे तो दोन विमानतळांमधल्या फरकापेक्षा मोठा ठरू शकतो.

डोंगराचं वेगळं. वारा डोंगरमाथ्यावरून आडवा, साधारण २०-२५ नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वर वाहत असेल तर पलीकडच्या बाजूला हवा लाटांसारखी वरखाली होते. विमानतळ डोंगराच्या त्या पलीकडच्या बाजूला असेल तरच त्रास. वारा उलट दिशेचा किंवा मंद असेल तर डोंगर नुसता देखावा. नकाशात डोंगर कुठल्या अंगाला आहे ते बघा आणि त्या महिन्यात वारा बहुतेक कुठून येतो ते शोधा.

विमानाचाही हात असतोच. पंखाच्या दर चौरस मीटरवर किती वजन आहे यावर हादरा किती जाणवेल ते ठरतं. एटीआर ७२ चं पूर्ण वजन सुमारे २३ टन आणि पंख ६१ चौरस मीटर, म्हणजे मीटरमागे पावणेचारशे किलो. एअरबस ए३२० चं ७८ टनांच्या आसपास आणि पंख साधारण १२२ चौरस मीटर, म्हणजे सव्वासहाशेच्या पुढे. तोच झोत होडीला जास्त हलवतो, जहाजाला कमी. त्यात एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे ढगांच्या वरून जाण्याची मुभा जेटइतकी नसते.

आडव्या वाऱ्याचा अंदाज घरी बसून काढता येतो. धावपट्टीच्या क्रमांकापुढे शून्य लावा, दिशा मिळते: २७ म्हणजे २७० अंश. विमानतळाचा ताजा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, कुणालाही बघता येतो. त्यातल्या वाऱ्याच्या गटात पहिले तीन आकडे वारा कुठून येतो ते सांगतात, पुढचे दोन वेग नॉटमध्ये, आणि जी अक्षरापुढचा आकडा झोतांचा. समजा वारा २४० वरून १८ नॉट, झोत ३२. धावपट्टी २७ शी कोन ३० अंशांचा, आडवा भाग निम्मा: ९ नॉट, झोतात १६. तोच वारा धावपट्टी १८ वर ६० अंशांनी येईल आणि आडवा भाग १६ च्या घरात, झोतात २८. मोठ्या जेटना ३३ ते ३८ नॉटपर्यंत आडवा वारा चाचणीत दाखवलेला असतो, म्हणजे २८ झेपण्यातलाच. पण उतरताना विमान तिरकं येतं आणि शेवटच्या क्षणी सरळ होतं, ते खिडकीतून बघवत नाही.

म्हणून विचारतो, मोठ्या विमानतळाच्या त्या दोन धावपट्ट्यांचे क्रमांक काय? समांतर असतील तर वाऱ्याच्या बाबतीत दोन असूनही एकच.

---

धाकधूक

०९/२७ (दोन टोकांचे दोन क्रमांक), डावी आणि उजवी. म्हणजे समांतरच! हे डोक्यातच आलं नव्हतं. छोट्याची १४/३२ आणि डोंगर ईशान्येला.

अजून एक. उडाल्यावर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम बसतो आणि पोटात गोळा येतो. हे काही विमानतळांवर जास्त होतं का? आणि मोठ्या ठिकाणी उतरायच्या आधी घिरट्या घालतात ते?

---

धावपट्टीवाला

हो, विमानतळावर अवलंबून असतं. उड्डाणाचा रेटा ठरावीक उंचीला, बहुधा ८०० ते १,५०० फुटांच्या दरम्यान, चढाईच्या रेट्यावर आणतात. आवाज उतरतो, नाक किंचित खाली येतं आणि आतल्या कानाला वाटतं की आपण पडतोय. विमान चढतच असतं. वस्तीला लागून असलेल्या विमानतळांवर आवाजाचे नियम कडक असतात, तिथे हा बदल जास्त ठळक असतो. कॅलिफोर्नियातल्या सांता आना इथला जॉन वेन विमानतळ त्यासाठी प्रसिद्ध आहे: आधी चढ उभा, मग रेटा चटकन कमी. चाकं सुटल्यापासून मनात मोजायला लागा. पंचवीस ते साठच्या मध्ये कुठेतरी आवाज बसेल. येणार हे माहीत असलं की गोळा निम्मा होतो.

घिरट्या गजबजलेल्या विमानतळांवरच जास्त. लंबगोल फेरा असतो, १४,००० फुटांच्या खाली सरळ बाजू एकेक मिनिटाची, म्हणजे पूर्ण फेरा साधारण चार मिनिटांचा. ही उतरण्याची रांग आहे. इंधन संपत आलंय म्हणून फिरवत नाहीत, उलट वाट बघण्यापुरतं इंधन आहे म्हणूनच फिरवतात. जेटला शेवटचा ३० मिनिटांचा साठा न वापरता उतरता येईल असं नियोजन करावं लागतं.

उतरता उतरता परत वर जाणं हेही गर्दीच्या ठिकाणी घडतं, बहुतेकदा पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाजूला झालं नाही म्हणून. हजार वेळा उतरताना एक ते तीनदा, असं प्रमाण सांगतात. इंजिन गरजतं, सीटला पाठ चिकटते आणि दोन-तीन मिनिटं कॉकपिटमधून कुणी बोलत नाही. त्या वेळी ते कामात असतात. घोषणा नंतर येते.

---

गेटपाशीकाकू

हवेचं सगळं पटलं, पण तुमचा तिसरा प्रश्न तसाच राहिला. भीती कशाची आहे हे आधी ठरवा. हवेत असण्याची की गर्दी, रांगा, हरवणं, उशीर होणं याची? दुसऱ्या प्रकारच्या माणसाला छोटा विमानतळ खरंच सोपा जातो: एक दार, एक रांग, गेट समोर दिसतं.

पण तुमच्या पर्यायात छोट्याची ही सोय ५५ मिनिटांच्या जोडणीने पार धुऊन टाकली आहे. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा आलं की ३५ उरतात. गेट पुढच्या विमानाच्या वेळेआधी १५-२० मिनिटं बंद होतं. हातात राहिली पंधरा-वीस मिनिटं, आणि त्यात उतरायची रांग, बस, कदाचित पुन्हा तपासणी. अनोळखी मोठ्या विमानतळावर धावत जाऊन धापा टाकत सीटवर बसलं की छाती धडधडतेच, आणि भित्र्या मनाला ती धडधड भीतीचीच वाटते. शिवाय जाताना दोन उड्डाणं, दोन उतरणं. एकाच तिकिटावर आणि दोन-अडीच तासांचं अंतर असेल तरच जोडणी घ्यावी.

मोठा घेतलात तर:

- ६:४० साठी मध्यरात्रीनंतर निघून तीन तास रस्त्यावर काढू नका. न झोपलेलं शरीर प्रत्येक हादरा दुप्पट मोठा करतं. आदल्या संध्याकाळी पोचा, जवळ मुक्काम करा.
- विमान कंपनीला ४८ तास आधी कळवा की उडण्याची भीती आहे, मदतनीस हवा. बरीच विमानतळं सूर्यफुलाच्या चित्राचा हिरवा पट्टा देतात (ही पद्धत २०१६ मध्ये गॅटविकला सुरू झाली). तो गळ्यात असला की कर्मचारी घाई करत नाहीत आणि तुम्हाला प्रत्येकाला समजावत बसावं लागत नाही.
- चेक-इन घरून, सामान शक्यतो फक्त हातातलं. एक रांग पूर्ण वजा होते.
- टर्मिनलचा नकाशा आदल्या रात्री बघा. तपासणीपासून गेटपर्यंत चालत किती, आणि गेटला जोडपूल आहे की बस. बसमध्ये दाटीवाटीने दहा मिनिटं उभं राहणं पुष्कळांना विमानापेक्षा जड जातं.
- सीट पंखांजवळची. हादरे तिथे सगळ्यात कमी, शेपटाला जास्त. चढायला घाई नको, शेवटच्या गटात चढा, म्हणजे दार बंद होईपर्यंतचा आत बसून राहायचा वेळ कमी होतो.
- कॉफी नको.

---

वातकुक्कुट

काकूंशी सहमत, एक अडचण जोडतो. पहाटेची हवा शांत असते म्हणूनच धुकंही पहाटेच साचतं. आदल्या रात्रीच्या मेटारमध्ये तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतली वाफ जमू लागते) यांत दोन-तीन अंशांचाच फरक, वारा पाच नॉटच्या आत आणि आकाश निरभ्र असेल तर सकाळी उशीर होईल असं धरून चाला. हा उशीर जमिनीवरचा असतो, जीव टांगणीला लावणारा नाही. पुस्तक जवळ ठेवा.

इथेही मोठा विमानतळ बरा पडतो. साध्या दर्जाच्या आयएलएसवर (रेडिओ संकेतांनी विमानाला धावपट्टीपर्यंत आणणारी यंत्रणा) उतरायला धावपट्टीवर साधारण ५५० मीटर दिसावं लागतं आणि उतरायचं की परत वर जायचं हा निर्णय २०० फुटांवर घ्यावा लागतो. मोठ्या ठिकाणी वरच्या दर्जाची यंत्रणा असेल तर याहून दाट धुक्यातही उतरता येतं. छोट्या ठिकाणी आयएलएसच नसेल तर मर्यादा आणखी वर, म्हणजे रद्द होणं आणि भलतीकडे वळवणं जास्त.

आणि ईशान्येला डोंगर म्हटलंत: त्या मोसमात वारा ईशान्येकडून येत असेल तर तुमचा छोटा विमानतळ नेमका लाटांच्या बाजूला आहे, वर १४/३२ ला तो वारा जवळजवळ काटकोनात आडवा.

---

धाकधूक

वारा ईशान्येकडूनच असतो त्या दिवसांत. मग मोठा, सकाळी ६:४०, आदल्या दिवशी मुक्काम. परतीला दोन वेळा आहेत: तिथून दुपारी १:१० किंवा रात्री ८:५०. उड्डाण अडीच तासांचं.

---

वातकुक्कुट

परतीला निघायची वेळ आणि पोचायची वेळ दोन्ही बघायच्या. १:१० चं विमान तापलेल्या हवेत चढणार आणि ३:४० ला, तुमच्याकडच्या सगळ्यात खडखडाटी तासाला उतरणार. ८:५० चं घ्या. सूर्य मावळून दोन तास झाले की गरम लोट बसलेले असतात. फक्त वळवाच्या पावसाचे दिवस असतील तर संध्याकाळचे गडगडाटी ढग रात्रीपर्यंत रेंगाळतात. २४ ते ३० तासांचा अंदाज देणारा टाफ नावाचा अहवाल असतो, त्यात पोचायच्या तासासमोर टीएस (गडगडाटी वादळ) ही अक्षरं दिसली तर उशीर गृहीत धरा.

---

गेटपाशीकाकू

रात्री ११:२० ला उतरून तीन तास गाडी स्वतः चालवू नका. त्या रात्रीची खोली आत्ताच धरून ठेवा.