ट्रेमोलो ब्रिज बदलण्यापूर्वी

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): माझ्या स्ट्रॅट (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारवर ट्रेमोलोचा (तारांचा सूर वरखाली हलवणाऱ्या यंत्रणेचा) दांडा वापरला की सूर उतरतो, म्हणून जस्ताच्या ब्लॉकऐवजी (ब्रिजखाली बॉडीत बसणाऱ्या ठोकळ्याऐवजी) पोलादी ब्लॉकचा ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग, मागवण्याचा विचार आहे. काय तपासावे?

उत्तर: ब्रिज बॉडीला जोडणाऱ्या स्क्रूंपैकी टोकाच्या दोन स्क्रूंमधले अंतर आधी मोजा. फेंडरच्या १९५४ च्या सहा स्क्रूंच्या रचनेत ते सुमारे ५६ मिलिमीटर भरते, तर आशियाई बनावटीच्या अनेक गिटारांत साधारण ५२.५ असते; शिवाय बॉडी पातळ असेल, तर लांब ब्लॉक मागे डोकावतो.

दुसरे उत्तर: पोलादाने नाद बदलेल, पण सूर टिकेलच असे नाही. तार बहुधा नटच्या (खुंट्यांजवळच्या, तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत अडकते. तिथे पेन्सिलीचे शिसे घासून पाहा. आणि कृपया गिटार कूलरसमोर ठेवू नका, दमट झोताने लाकूड फुगते.

प्रश्नकर्ता: खुंटी पिळताना ‘टिक्’ असा आवाज येतो खरा. आधी नटच पाहतो.